चिटणिशीत घडलेले गद्य: मॅकियाव्हेलीची सरकारी पत्रे आणि 'प्रिन्स'

वाकणकाठ (धागाकर्ता)

मॅकियाव्हेलीचे नाव निघाले की चर्चा बहुधा त्याच्या नीतिअनीतीकडे वळते. या धाग्यात तो प्रश्न बाजूला ठेवून मला त्याच्या गद्याविषयी लिहायचे आहे, कारण त्याच्या विचारांइतकेच त्याचे वाक्यही युरोपच्या राजकीय लेखनात नवे होते आणि ते वाक्य कुठे तयार झाले याचा माग आपल्याला कागदोपत्री काढता येतो. माझे म्हणणे थोडक्यात असे की 'प्रिन्स' या त्याच्या राज्यकलेवरील पुस्तकाची भाषा १५१३ साली ते लिहायला बसल्यावर सुचलेली नाही. फ्लॉरेन्सच्या प्रजासत्ताकाची चिटणिशी करताना, म्हणजे १४९८ ते १५१२ या काळात, अहवाल, सल्ल्याची टिपणे आणि वकिलातीची पत्रे लिहिता लिहिता ती घडत गेली.

पार्श्वभूमी थोडी सांगतो. २३ मे १४९८ रोजी शहरावर प्रभाव गाजवणाऱ्या साव्होनारोला या धर्मोपदेशकाला फाशी देऊन त्याचा देह जाळण्यात आला आणि त्याच्या पक्षातील माणसे सरकारी कचेऱ्यांतून दूर झाली. त्यानंतर महिन्याच्या आत, १९ जून रोजी, एकोणतीस वर्षांच्या मॅकियाव्हेलीची दुसऱ्या चिटणिशीचा प्रमुख म्हणून निवड पक्की झाली. पुढच्याच महिन्यात युद्ध आणि परराज्य व्यवहार पाहणाऱ्या दहा जणांच्या मंडळाचे, म्हणजे 'दहां'चे काम त्याच्याकडे आले. राज्याच्या ताब्यातील गावांशी व तिथल्या अधिकाऱ्यांशी पत्रव्यवहार, सैन्याची रसद, भाडोत्री सेनानींचे पगार आणि गरज पडेल तेव्हा परदरबारी जाऊन बातमी पाठवणे, असे या जागेचे काम होते. दरबारी जाताना त्याला बहुतेक वेळा पूर्ण वकिलाचा दर्जा नसे. करार करण्याचा अधिकार नाही, मोठ्या घराण्याचे नाव नाही, अशा अवस्थेत बोलणी लांबवत राहायचे आणि समोरच्याच्या मनात काय आहे ते ओळखून घरी कळवायचे, हे त्याच्या वाट्याला आले.

आता प्रत्यक्ष लेखनाकडे येऊ. १४९९ साली त्याने 'दहां'साठी पिसाच्या प्रश्नावर एक छोटे टिपण लिहिले. १४९४ मध्ये पिसा फ्लॉरेन्सच्या हातून गेले होते आणि ते परत कसे मिळवावे हा त्या पिढीचा सर्वात जिव्हाळ्याचा प्रश्न होता. टिपणाच्या सुरुवातीलाच तो म्हणतो की स्वातंत्र्य टिकवायचे तर पिसा परत मिळवणे आवश्यक आहे, आणि याविषयी कोणालाच शंका नसल्यामुळे ते सिद्ध करत बसण्याचे कारण नाही. मग लगेच मार्ग मांडतो: पिसा एकतर बळाने मिळेल किंवा प्रेमाने. प्रेमाचा मार्ग तपासून तो बंद असल्याचे दाखवतो, मग बळाचे पोटभेद करतो, वेढा आणि उपासमार की थेट हल्ला, आणि प्रत्येकाची अडचण मोजतो. चौदा वर्षांनी लिहिलेल्या 'प्रिन्स'चे पहिले प्रकरण काढून शेजारी ठेवावे. माणसांवर सत्ता गाजवणारी सर्व राज्ये एकतर प्रजासत्ताके असतात किंवा राजेशाह्या. राजेशाह्या एकतर वंशपरंपरेच्या असतात किंवा नव्या. नव्या एकतर संपूर्ण नव्या असतात किंवा जुन्या राज्याला जोडलेल्या. दोन्हीकडे विचाराचा सांगाडा तोच आहे. फरक एवढाच की पहिल्या कागदावर एक शहर आहे आणि दुसऱ्यावर सगळी राज्ये आहेत.

असे वाक्य का तयार होते हे समजायला वाचणाऱ्याकडे पाहावे लागते. 'दहां'च्या मंडळातील माणसे ठराविक मुदतीने बदलत, त्यांना वेळ कमी असे, आणि कागद वाचून झाल्यावर त्यांना काहीतरी ठरवायचे असे. त्यांच्यापुढे प्रश्न अशा रीतीने ठेवावा लागे की एक वाट बंद झाली की दुसरी आपोआप पुढे यावी. विद्यापीठातल्या वाचकासाठी लिहिणाऱ्याला ही गरज कधीच पडत नाही.

दुसरे उदाहरण मला याहूनही महत्त्वाचे वाटते. १५०२ च्या ऑक्टोबरपासून पुढच्या जानेवारीपर्यंत मॅकियाव्हेली चेझारे बोर्जियाच्या, म्हणजे रोमान्या प्रांत जिंकणाऱ्या पोपच्या मुलाच्या, छावणीत होता. २६ डिसेंबरला त्याने चेझेनाहून पाठवलेल्या पत्रात रामिरो दे लोर्का या बोर्जियाच्या क्रूर कारभाऱ्याची बातमी आहे. रामिरो आज सकाळी चौकात दोन तुकड्यांत सापडला, तो अजून तिथेच आहे आणि सगळ्या लोकांना तो पाहता आला, असे तो लिहितो. पुढे म्हणतो की मृत्यूचे कारण नीटसे कळत नाही, एवढेच दिसते की राजाला, म्हणजे बोर्जियाला, तसे वाटले, आणि माणसांना त्यांच्या योग्यतेप्रमाणे घडवणे व मोडणे आपल्याला येते हे तो दाखवतो आहे. 'प्रिन्स'च्या सातव्या प्रकरणात तीच सकाळ पुन्हा येते. आता शेजारी लाकडाचा ओंडका आणि रक्ताळलेला सुरा आहे, आणि कारण तर संपूर्ण माहीत आहे: रोमान्या प्रांताला शांत करण्यासाठी आधी क्रूर माणसाला सर्वाधिकार दिले, काम झाल्यावर त्या क्रौर्याचा द्वेष आपल्यावर येऊ नये म्हणून त्यालाच कापून टाकले, आणि त्या भीषण दृश्याने लोक एकाच वेळी समाधानी आणि सुन्न झाले.

पत्रात 'कारण नीटसे कळत नाही' असे लिहिणारा माणूस अकरा वर्षांनी कारण सांगतो. त्याला मधल्या काळात नवा पुरावा मिळाला होता असे मला वाटत नाही. पत्रातल्या दुसऱ्या अर्ध्या वाक्यात कारण आधीच डोकावते आहे. पण तिथे ते 'राजा दाखवतो' अशा रूपात आहे, लेखकाच्या स्वतःच्या निष्कर्षाच्या रूपात नाही. चिटणिसाला तो निष्कर्ष स्वतःच्या नावावर मांडण्याची मुभा नव्हती.

हे मी अंदाजाने म्हणत नाही. १५२२ साली राफाएल्लो जिरोलामी सम्राट पाचव्या चार्ल्सच्या दरबारी स्पेनला वकील म्हणून निघाला तेव्हा मॅकियाव्हेलीने त्याला लिहून दिलेला सल्ला उपलब्ध आहे. आपले मत आपल्याच तोंडून मांडणे लोकांना रुचत नाही, म्हणून पत्रात असा प्रघात असतो, असे सांगून तो नमुन्याचे वाक्यच देतो: आतापर्यंत जे लिहिले त्याचा विचार करता, इथे असलेल्या जाणत्या माणसांचे मत असे आहे की याचा परिणाम अमुक होईल. त्या 'जाणत्या माणसां'च्या मागे दीडेक दशक उभा राहिलेला हा लेखक 'प्रिन्स'मध्ये पहिल्यांदा पडद्याबाहेर येतो. त्या पुस्तकातल्या विधानांना जो धारदारपणा आहे, त्यात या दीर्घ संयमाचा मोठा वाटा आहे असे मला वाटते. आपणा सर्वांची मते वाचायला आवडतील.

मंद्रसप्तक

वाकणकाठ, रामिरोची दोन्ही वर्णने अशी शेजारी ठेवल्याबद्दल आभार. माझा एक प्रश्न आहे, आणि त्यासोबत थोडी पुरवणीही.

फ्लॉरेन्सच्या चिटणिशीची ख्याती मॅकियाव्हेलीच्या शंभर वर्षे आधीपासून होती. कोलुच्चो सालुताती १३७५ पासून १४०६ पर्यंत तिथे प्रमुख होता. त्याच्यानंतर लेओनार्दो ब्रुनी, पोज्जो, बार्तोलोमेओ स्काला यांनी ती जागा भूषवली. हे सगळे लॅटिनचे मोठे पंडित होते आणि त्यांची सरकारी पत्रे वक्तृत्वाचा नमुना मानली जात. म्हणजे चिटणिशीतले काम माणसाला आपोआप कोरडे आणि नेमके लिहायला लावते असे म्हणता येणार नाही. सालुतातीला त्याच खुर्चीने अलंकारिक केले.

याचे उत्तर मला पहिल्या आणि दुसऱ्या चिटणिशीच्या फरकात सापडते. पहिल्या चिटणिशीचा मान मोठा होता आणि परक्या दरबारांना जाणाऱ्या भारदस्त लॅटिन पत्रांची परंपरा तिच्याकडे होती. मॅकियाव्हेलीच्या काळात तिथे मार्चेल्लो विर्जिलियो आद्रियानी होता, जो विद्यापीठात अभिजात साहित्य शिकवत असे. दुसऱ्या चिटणिशीचे रोजचे काम फ्लॉरेन्सच्या लोकभाषेत चाले. किल्लेदाराला तोफांची दारू किती पाठवली, अमुक गावाने धान्य का दिले नाही, तमुक सेनानी पगाराची वाट पाहून निघून जाण्याच्या बेतात आहे, या गोष्टी लॅटिनमध्ये लिहून कोणाचे भागणार नव्हते. पण लिहिणाऱ्याचे शिक्षण लॅटिनमध्ये झालेले असल्यामुळे 'तथापि', 'शिवाय', 'सुद्धा' या अर्थाची लॅटिन अव्यये लोकभाषेच्या वाक्यात तशीच येत. ही कचेरीतली मिश्र भाषा 'प्रिन्स'मध्ये जशीच्या तशी आहे. प्रकरणांची शीर्षके लॅटिनमध्ये, मजकूर फ्लॉरेन्सच्या बोलीत, आणि मधूनमधून ती लॅटिन अव्यये, अशी रचना सरकारी कागद हाताळलेल्या माणसालाच स्वाभाविक वाटू शकते.

अर्पणपत्रिकेत तो म्हणतो की हे पुस्तक मी लांबरुंद पल्लेदार वाक्यांनी, भारदस्त शब्दांनी किंवा बाहेरच्या सजावटीने नटवलेले नाही. हे नम्रतेचे वाक्य म्हणून वाचण्याची पद्धत आहे. मला त्यात दुसऱ्या चिटणिशीचा अभिमान ऐकू येतो.

प्रश्न असा आहे की मग प्राचीन इतिहासाचे काय? त्याचे वडील बेर्नार्दो कर्जात बुडालेले वकील होते, पण त्यांनी लिव्ही या प्राचीन रोमन इतिहासकाराच्या ग्रंथातील स्थळनामांची सूची छापखान्यासाठी तयार करून मोबदल्यात त्या ग्रंथाची प्रत मिळवली होती. मुलगा त्याच पुस्तकावर वाढला. हा भाग कचेरीच्या आधीचा आहे. तो आपल्या मांडणीत कुठे बसतो?

वाकणकाठ

मंद्रसप्तक, दोन चिटणिशींमधला फरक आपण सांगितलात तो माझ्या लेखात यायला हवा असाच आहे.

लिव्ही घरचा होता हे खरेच. पण लिव्हीचा वापर कसा करायचा हे त्याने कचेरीत शोधले असे मला वाटते, आणि त्यासाठी एकच कागद पुरेसा आहे. १५०२ च्या उन्हाळ्यात अरेझ्झो आणि वाल्दिकियाना खोऱ्यातील गावांनी फ्लॉरेन्सविरुद्ध उठाव केला. तो मोडल्यानंतर, १५०३ च्या सुमारास, मॅकियाव्हेलीने या बंडखोर लोकांना कसे वागवावे यावर टिपण लिहिले. टिपणाची सुरुवात लिव्हीने होते. रोमभोवतीच्या लॅटिअम प्रदेशातल्या बंडखोर शहरांचे काय करायचे हे रोमच्या सिनेटपुढे ठेवताना कामिल्लसने केलेले भाषण तो देतो, आणि रोमनांनी प्रत्येक शहराचा वेगळा निवाडा करून कोणावर उपकार केले, कोणाला उखडून टाकले, पण मधला मार्ग धरला नाही हे दाखवतो. मग तो आपल्या मालकांकडे वळतो. अरेझ्झोच्या लोकांना तुम्ही वारंवार फ्लॉरेन्सला बोलावता, त्यांचे मान काढून घेता, त्यांच्या जमिनी विकता, त्यांच्या डोक्यावर सैनिक ठेवता. यातून ते तुमचे मित्रही होत नाहीत आणि तुम्ही सुरक्षितही होत नाही.

इथे प्राचीन इतिहास दृष्टांत म्हणून शोभेला आणलेला नाही. तो पूर्वीचा निवाडा म्हणून मांडला आहे, जसा न्यायालयात आधीचा निकाल पुढे ठेवतात. याच विचाराचे एक वाक्य 'प्रिन्स'च्या तिसऱ्या प्रकरणात येते, की माणसांना एकतर गोंजारावे किंवा संपवावे. आणि लिव्हीवरील 'डिस्कोर्सी' या ग्रंथाच्या दुसऱ्या भागातील तेविसाव्या प्रकरणात तर कामिल्लसचा प्रसंग आणि अरेझ्झोचा प्रसंग दोन्ही पुन्हा एकत्र आले आहेत. अर्पणपत्रिकेत तो 'आधुनिक गोष्टींचा दीर्घ अनुभव आणि प्राचीन गोष्टींचे सततचे वाचन' अशी जोडी लावतो. ती जोडी त्याच्या हाताला पहिल्यांदा साधली ती एका तालुक्यातल्या बंडाच्या प्रशासकीय टिपणात.

इमोलाहून, म्हणजे बोर्जियाच्या छावणीतून, त्याने कचेरीतला सहकारी बियाजो बुओनाक्कोर्सी याच्याकडे प्राचीन ग्रीक लेखक प्लुटार्कची चरित्रे मागवली होती, हेही इथे सांगितले पाहिजे. बियाजोने ऑक्टोबर १५०२ मध्ये कळवले की फ्लॉरेन्समध्ये ती विकत मिळत नाहीत, व्हेनिसला लिहावे लागेल. चेझारे बोर्जियासमोर बसून बोलणी करायची आणि त्याच दिवसांत प्लुटार्क हवा असायचा, यावरून वाचन आणि काम या दोन गोष्टी त्याच्या आयुष्यात वेगळ्या खणांत नव्हत्या हे दिसते.

पैलतीर

चर्चा उत्तम चालली आहे, तरी मूळ सिद्धान्ताला माझा आक्षेप आहे आणि तो मी सविस्तर मांडतो.

प्रशासकीय कामाने भाषा घडते असे म्हणायचे असेल तर त्याच प्रकारचे काम केलेल्या दुसऱ्या माणसाची भाषा किमान त्याच दिशेने गेलेली दिसली पाहिजे. असा माणूस आपल्यापुढे आहे: फ्रान्चेस्को ग्विच्चार्दिनी. तोही फ्लॉरेन्सचाच, मॅकियाव्हेलीहून चौदा वर्षांनी लहान. १५१२ साली तो स्पेनच्या फर्डिनांडकडे वकील म्हणून गेला, १५१६ पासून पोपच्या वतीने मोदेनाचा कारभार पाहू लागला आणि पुढे त्याहून मोठ्या प्रदेशांचा अधिकारी झाला. कारभाराचा त्याचा अनुभव मॅकियाव्हेलीपेक्षा मोठाच म्हणावा लागेल. आणि त्याचे गद्य? लांब, अनेक उपवाक्यांचे, प्रत्येक विधानाला पुढच्या विधानाने मुरड घालणारे. जगातल्या गोष्टींविषयी सरसकट आणि नियमाने बोलणे ही मोठी चूक आहे, कारण परिस्थितीच्या फरकामुळे जवळपास प्रत्येक गोष्टीला अपवाद असतो, असे तो आपल्या टिपणांमध्ये बजावतो. हे वाक्य 'एकतर हे किंवा ते' या पद्धतीवरच रोखलेले वाटते. 'डिस्कोर्सी'वर भाष्य करताना तर तो स्पष्टच म्हणतो की या लेखकाला असाधारण आणि हिंसक उपाय नेहमीच फार आवडत.

दुसरे असे की दुसऱ्या चिटणिशीत मॅकियाव्हेली एकटा नव्हता. बियाजो तिथेच बसून तेच कागद लिहीत होता, आगोस्तिनो व्हेस्पुच्ची होता. बियाजोने त्या काळातील घटनांची दैनंदिनीवजा नोंदही लिहून ठेवली आहे, आणि ती उपयुक्त आहे, पण तिच्यात 'प्रिन्स'चे एकही वाक्य सापडणार नाही. उलट १५०२ च्या शरद ऋतूत याच बियाजोने इमोलाला पत्र लिहून मित्राला सावध केले होते की तू निष्कर्ष फार जोरकस काढतोस. वस्तुस्थिती नीट लिही आणि निवाडा इतरांवर सोड. म्हणजे तो जोरकसपणा कचेरीला नको होता. कचेरीने दिलेली गोष्ट म्हणून आपण ज्याचे वर्णन करतो आहोत, ती कचेरीच्या विरोधात टिकून राहिलेली त्या माणसाची प्रकृती असेल, ही शक्यता मला जास्त पटते.

कोरांटी

पैलतीर यांचा आक्षेप वजनदार आहे. मी त्याला उत्तर देत नाही, फक्त एक तिसरा आवाज चर्चेत आणते.

फ्लॉरेन्समध्ये कठीण प्रसंगी सरकार प्रमुख नागरिकांना सल्लामसलतीसाठी बोलावत असे. या बैठकांत लोक बाकांच्या गटांप्रमाणे आपापले म्हणणे मांडत आणि चिटणिशीतले लोक त्याची टिपणे घेत. ती टिपणे मोठ्या प्रमाणात टिकली आहेत. त्यांत दैव, गरज, प्रतिष्ठा, विवेक हे शब्द पुन्हा पुन्हा येतात, म्हणी येतात, रोमनांचे दाखले येतात. म्हणजे ज्याला आपण मॅकियाव्हेलीचा शब्दसंग्रह म्हणतो त्याचा बराचसा भाग त्या सभागृहातल्या व्यापाऱ्यांच्या आणि वकिलांच्या तोंडचा होता. त्याने तो कानाने ऐकला आणि लिहून घेतलेला वाचला.

त्याने त्या शब्दांचे काय केले याचे उत्तम उदाहरण 'प्रिन्स'च्या तिसऱ्या प्रकरणात आहे. वाट पाहावी, काळाचा फायदा घ्यावा, हा फ्लॉरेन्सच्या धोरणाचा आवडता मंत्र होता. मॅकियाव्हेली लिहितो की आमच्या काळातल्या शहाण्यांच्या तोंडी दिवसभर असलेला हा 'काळाचा फायदा' रोमनांना कधीच पसंत पडला नाही. त्यांनी स्वतःच्या कर्तबगारीचा आणि दूरदृष्टीचा फायदा घेतला, कारण काळ सगळेच पुढे ढकलत आणतो, चांगल्यासारखे वाईटही. हे वाक्य पुस्तकी वाचकाला सुभाषित वाटेल. पण ज्याने वर्षानुवर्षे दरबारी उभे राहून 'माझे मालक लवकरच कळवतील' असे सांगितले, आणि घरून काहीच कळवले जात नसल्यामुळे ज्याला अपमान गिळावे लागले, त्याने हे लिहिले आहे हे लक्षात घेतले की त्यातला संताप कळतो. १५०० साली फ्रान्सच्या दरबारी तो असाच अडकला होता. त्याच प्रकरणाच्या शेवटी नांत येथील प्रसंग येतो: रुआँचा कार्डिनल त्याला म्हणाला की इटालियनांना युद्ध कळत नाही, तेव्हा त्याने उत्तर दिले की फ्रेंचांना राज्य कळत नाही.

हाच लेखक पुढे १५०६ मध्ये नागरिकांचे स्वतःचे सैन्य उभारण्यासाठी टिपण लिहितो, की जो कोणी साम्राज्य, राज्य, राजेशाही किंवा प्रजासत्ताक असे म्हणतो तो न्याय आणि शस्त्रे असे म्हणतो. 'प्रिन्स'च्या बाराव्या प्रकरणातील 'चांगले कायदे आणि चांगली शस्त्रे' हा सर्व राज्यांचा पाया त्याच टिपणातून आलेला आहे, हे उघड दिसते. ते टिपण लिहिणारा माणूस नंतर गावोगाव फिरून शेतकऱ्यांची नावे नोंदवत होता आणि भाले वाटत होता.

वाकणकाठ

पैलतीर, ग्विच्चार्दिनीचा दाखला दिलात हे फार बरे केलेत, कारण माझ्या मते त्यानेच प्रश्न अधिक नेमका होतो.

'प्रशासकीय काम' हा शब्द दोघांना सारखाच लावला की फरक झाकला जातो. ग्विच्चार्दिनी थोर घराण्यातला होता; स्पेनला तो पूर्ण दर्जाचा वकील म्हणून गेला, आणि मोदेनात तो स्वतः हुकूम देणारा होता. हुकूम देणाऱ्याला आपल्या निर्णयाचे परिणाम दिसतात, अपवाद भेटतात, काल दिलेला हुकूम आज मागे घ्यावा लागतो. त्याच्या वाक्यातली मुरड तिथून आली असेल. मॅकियाव्हेली आयुष्यभर सल्ला देणारा राहिला. त्याच्याजवळ अधिकार नव्हता, फक्त कागद होता, आणि त्या कागदाने टाळाटाळ करणाऱ्या मंडळाला हलवायचे होते. सल्ल्याच्या कागदात अपवाद भरले की मंडळाला न ठरवण्याचे निमित्त मिळते. काम एकाच क्षेत्रातले असले तरी बसण्याच्या जागा वेगळ्या होत्या, आणि भाषा जागेने घडली.

बियाजोच्या पत्राविषयी मी आपल्याशी निम्मा सहमत आहे. प्रकृती होतीच. पण त्या पत्रातून प्रकृती आणि कचेरी यांच्यातली ओढाताण दिसते, आणि मला वाटते गद्य त्या ओढाताणीत घडले. नुसत्या प्रकृतीने माणूस जोरकस बोलतो. आधी वस्तुस्थिती नीट मांडावी, झालेले, चाललेले आणि होऊ घातलेले यांत भेद करावा, आणि मगच निष्कर्षाकडे यावे ही शिस्त प्रकृतीतून येत नाही. जिरोलामीला दिलेल्या सल्ल्यात तो हा तिहेरी भेद स्पष्ट सांगतो आणि तिसरा प्रकार, पुढे काय होणार याचा अंदाज, कठीण म्हणतो. 'प्रिन्स'मधले बोर्जियाचे प्रकरण याच क्रमाने लिहिलेले आहे.

एक गोष्ट आणखी. सरकारी पत्रांत तो आपल्या मालकांना 'आपण मान्यवर' असेच संबोधतो, आणि मंडळाच्या नावाने बाहेर जाणाऱ्या पत्रांत 'आम्ही' असे लिहितो. 'प्रिन्स'ची अर्पणपत्रिकाही लोरेन्झो दे मेदिचीला उद्देशून पूर्ण अदबीने लिहिलेली आहे. पण आतल्या प्रकरणांत उपदेश सुरू झाला की तो राजाला सरळ 'तू' म्हणतो. तुला असे करावे लागेल, तू असे केलेस तर बुडशील. प्रजासत्ताक पडून मेदिची घराणे सत्तेवर परतल्यावर ७ नोव्हेंबर १५१२ ला नोकरी गेली, फेब्रुवारी १५१३ मध्ये कटाच्या संशयावरून अटक झाली, हात पाठीमागे बांधून दोराने टांगण्याचा छळ सोसला, मार्चमध्ये सुटका झाली. त्यानंतर ज्याला कोणाचाच चिटणीस म्हणवून घेता येत नव्हते त्या माणसाचे हे 'तू' आहे. एप्रिल १५१३ मध्ये त्याने मित्र फ्रान्चेस्को व्हेत्तोरीला लिहिले की मला रेशमाच्या धंद्याविषयी बोलता येत नाही, लोकरीच्या धंद्याविषयी नाही, नफ्यातोट्याविषयी नाही, म्हणून मला राज्याविषयीच बोलणे भाग आहे. त्याच वर्षीच्या १० डिसेंबरच्या पत्रात तो म्हणतो की राज्यकलेच्या अभ्यासात घालवलेली पंधरा वर्षे मी झोपून किंवा खेळून काढलेली नाहीत. आपल्या नोकरीला तो 'अभ्यास' म्हणतो आहे. माझ्या सिद्धान्ताला त्याचीच ही साक्ष आहे असे मी मानतो.

पैलतीर

सल्ला देणारा आणि हुकूम देणारा हा भेद मला मान्य आहे आणि ग्विच्चार्दिनीच्या बाबतीत तो लागू पडतो. प्रकृतीचा मुद्दा मात्र मी सोडत नाही, कारण बियाजोही सल्ला देणाऱ्याच बाजूला बसत होता. त्याच्याविषयी एवढे सांगितले पाहिजे की १५१२ मध्ये मित्राबरोबर त्याचीही नोकरी गेली, आणि 'प्रिन्स' छापला जाण्याच्या कितीतरी वर्षे आधी त्याच्या हस्तलिखित प्रती स्वतःच्या हाताने तयार करणाऱ्यांत तो होता. निवाडा इतरांवर सोड असे ज्याने बजावले होते, त्याने ते निवाडे एकेक अक्षर करून उतरवले.

मंद्रसप्तक

या वादाची एक कसोटी मला सुचते. मॅकियाव्हेली पुन्हा सरकारी कामावर आला तेव्हा त्याची भाषा कशी होती?

हे आपल्याला पाहता येते. १५२६ च्या वसंतात फ्लॉरेन्सच्या तटबंदीची पाहणी करण्यासाठी सेनानी पेद्रो नाव्हार्रोबरोबर तो तटावरून फिरला आणि त्याचा अहवाल त्याने लिहिला. मे महिन्यात तटांसाठी नेमलेल्या नव्या मंडळाचा तो चिटणीस झाला. त्या अहवालात दैव नाही, रोमन नाहीत, 'एकतर हे किंवा ते' नाही. एका दरवाजापासून सुरुवात करून पुढच्या दरवाजापर्यंत, कुठे भिंत खाली उतरवायची, कुठे बुरूज बाहेर काढायचा, कोणती टेकडी आत घ्यायची की वगळायची, पेद्रोचे मत काय पडले, अशी ती नोंद आहे. मत पेद्रोच्या तोंडी आहे, जिरोलामीला शिकवलेल्या रीतीप्रमाणेच. आणि त्याच मे महिन्याच्या १७ तारखेला तो ग्विच्चार्दिनीला खासगी पत्र लिहितो, ज्यात इटलीला या दीर्घ यातनेतून सोडवा, या भयंकर श्वापदांना उपटून काढा, अशी हाक तो अचानक लॅटिनमध्ये देतो.

दोन्ही कागद एकाच हाताचे, काही आठवड्यांच्या अंतरावरचे. वाकणकाठ म्हणतात ती शिस्त आणि पैलतीर म्हणतात ती प्रकृती, दोन्ही सत्तावन्नाव्या वर्षीही त्याच्याजवळ वेगवेगळ्या शाबूत होत्या. १५१३ च्या त्या काही महिन्यांत, कचेरी बंद आणि मालक नाही अशा अवस्थेत, त्या एका पुस्तकात मिसळल्या.

कोरांटी

आणि त्या पुस्तकाच्या शेवटच्या, सव्विसाव्या प्रकरणातही हेच घडते असे मला वाटते. पंचवीस प्रकरणे टिपणासारखी चालतात, आणि मग इटलीच्या मुक्ततेची ती हाक येते, जिच्या शेवटी पेत्रार्काच्या कवितेच्या ओळी आहेत. पण त्या हाकेच्या मधोमध तो स्विस आणि स्पॅनिश पायदळाचे दोष सांगायला थांबतो: स्पॅनिश पायदळाला घोडदळापुढे टिकता येत नाही, स्विसांना त्यांच्याइतक्याच चिवट पायदळाची भीती वाटते, म्हणून या दोहोंना तोंड देणारे तिसऱ्या प्रकारचे पायदळ उभारता येईल. मग राव्हेन्नाच्या लढाईचा दाखला देतो. इतक्या भारलेल्या पानावरही सैन्यभरतीच्या नोंदवह्या सांभाळणारा चिटणीस आपले टिपण पुरे करूनच पुढे जातो.